सिंगापूर ते न्यूयॉर्क विनाथांबा: नकाशावरचे अंतर आणि प्रत्यक्षातली वेळ

सिंगापूरचा चांगी आणि न्यूयॉर्कचा जॉन एफ. केनेडी या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १५,३०० किलोमीटर असून, जगातील सर्वांत लांब पल्ल्याच्या नियमित विनाथांबा उड्डाणांत या मार्गाची गणना होते. हिवाळ्यात मी या विमानाने सिंगापूरहून निघालो, तेव्हा वेळापत्रकात पावणेएकोणीस तासांच्या आसपासचा प्रवास दाखवला होता. वरच्या अंतराला विमानाच्या ताशी ९०० किलोमीटर वेगाने भागल्यास उत्तर सतरा तास येते. मग उरलेला वेळ जातो कोठे, हे जाणून घेतल्याशिवाय पुढचे नियोजन करू नये.

सिंगापूर साधारण १०४ अंश पूर्व रेखांशावर आणि न्यूयॉर्क ७४ अंश पश्चिम रेखांशावर असल्यामुळे ही दोन शहरे पृथ्वीच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना येतात, आणि त्यांना जोडणारी सर्वांत जवळची रेषा उत्तर ध्रुवाजवळून जाते. आमचे विमान मात्र तिकडे फिरकलेही नाही. जपानच्या बाजूने उत्तर पॅसिफिक ओलांडून ते उत्तर अमेरिकेत शिरले, कारण पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहाचा, म्हणजे उंचावरच्या वेगवान वाऱ्याचा, रेटा मिळत असेल तर हजारभर किलोमीटरचा वळसाही वेळेच्या आणि इंधनाच्या हिशोबात परवडतो. त्या दिवशीच्या वाऱ्यांनुसार मार्ग ठरत असल्याने संकेतस्थळांवरील अंतराचा आकडा केवळ अंदाजासाठी वापरावा. शिवाय वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतची असते, त्यामुळे धावपट्टीसाठीची प्रतीक्षाही तिच्यात धरलेली असते.

घड्याळाचा गोंधळ याहून मोठा आहे. हिवाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरपेक्षा तेरा तास मागे असते, उन्हाळ्यात बारा. मध्यरात्रीच्या सुमारास निघालेले विमान पहाटे साडेपाचच्या आगेमागे उतरते, त्यामुळे तिकिटावर सहा तासांचाच प्रवास असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात वाटेत वाररेषा, म्हणजे जिच्यापाशी तारीख बदलते ती रेषा, ओलांडली जाते आणि रात्र, मग एक आखूड दिवस, मग पुन्हा रात्र असा क्रम खिडकीतून दिसतो. म्हणून पहिल्या रात्रीपेक्षा दुसऱ्या रात्री झोपणे मला अधिक उपयोगी वाटले, कारण उतरल्यावर अख्खा दिवस समोर उभा असतो.

या मार्गावरील एअरबस ए३५०-९००यूएलआर या अतिलांब पल्ल्याच्या विमानात १६१ आसने आहेत आणि साधा इकॉनॉमी वर्ग नाही, त्यामुळे भाडे चढे असते. एखाद्या मधल्या विमानतळावर थांबून जाणे स्वस्त पडू शकते, पण तसे करताना सर्व टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत, म्हणजे एक विमान उशिरा आल्याने पुढचे चुकल्यास पर्यायी आसन देण्याची जबाबदारी कंपनीवर राहते.

आत हवा फार कोरडी असते, तेव्हा पाणी वारंवार प्यावे आणि जागे असताना दर दोन तासांनी तरी उठून चालावे. पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका असलेल्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रोजची औषधे आणि पॉवर बँक हातातील सामानातच ठेवावीत. पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाही. न्यूयॉर्कहून पुढे जायचे असल्यास मध्ये किमान तीन तास ठेवावेत, कारण अमेरिकेत पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन उरकून, सामान ताब्यात घेऊन ते पुन्हा सोपवावे लागते.