क्रीम फाटलं? किती वेळाने फाटलं ते आधी बघा

घरी केलेलं, अंगाला लावायचं क्रीम फाटलं की जो तो एकच विचारतो, "नीट फेटलं होतंस ना?" शेजारच्या काकूंनी तर मला त्यांची जुनी रवी आणून दिली. माझा अनुभव असा, की दोष फेटण्यात क्वचितच असतो. क्रीम केल्यावर किती वेळाने फाटलं आणि वर काय आलं, तेल की पाणी, हे नीट पाहिलं तर कारण बरंचसं तिथेच सापडतं.

थंडीत सासूबाईंच्या टाचांना भेगा पडतात आणि विकतच्या क्रीमचा वास त्यांना सोसत नाही. म्हणून बदामाचं तेल, मधमाश्यांचं मेण आणि गुलाबपाणी एवढ्यावर मी सुरुवात केली. कृती सगळीकडे मिळते, फोटोही छान असतात. गरम असताना मिश्रण पांढरंशुभ्र एकजीव दिसायचं आणि सकाळी डबीत पाणी सुटलेलं असायचं. कारण साधं होतं. मेण तेलाला घट्ट करतं, पण तेल आणि पाणी बांधून ठेवत नाही. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणाबरोबर टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, असायचा. मेणातल्या आम्लांशी त्याचा संयोग होऊन थोडा साबण तयार होतो आणि तो साबण बांधणीचं काम करतो. पण भेगाळलेल्या कातडीवर टाकणखार नको, म्हणून तो रस्ता मी सोडला.

"आमच्याकडे तांब्याच्या परातीत तूप शंभर पाण्यांनी धुवायचे, ते कुठे फाटायचं?" सासूबाई म्हणाल्या. शतधौत घृताबद्दल त्यांचं खरं आहे. त्यात तूप बाहेर आणि पाण्याचे बारीक थेंब आत, तुपाच्या घट्टपणात अडकलेले. पण आई, मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकला की तूप पातळ होतं आणि पाणी मोकळं होतं. शिवाय मला हवं होतं उलट क्रीम, ज्यात पाणी बाहेर आणि तेलाचे थेंब आत, म्हणजे चादरीला तेलाचे डाग पडणार नाहीत.

त्यासाठी इमल्सिफायर, म्हणजे तेल आणि पाणी बांधून ठेवणारा घटक, लागतो. खरा घोळ इथेच झाला. एका दुकानातून आणलेल्या पाकिटावर नुसतं 'इमल्सिफायिंग वॅक्स' लिहिलेलं, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. त्या पाकिटाचं क्रीम दोन-तीन तासांतच फाटायचं आणि वर स्वच्छ, पिवळं तेल तरंगायचं. इतक्या लवकर तेल सुटलं तर संशय आधी इमल्सिफायरवर घ्यायचा. मग मी एक सोपी परीक्षा केली. कडकडीत गरम पाण्यात चिमूटभर वॅक्स टाकून बाटली हलवली. पाण्यात पसरणारं वॅक्स पाणी एकसारखं पांढरट करतं. माझं वितळून तेलासारखं वर येऊन बसलं. म्हणजे ते बहुधा साधं ग्लिसरिल मोनोस्टिअरेट होतं.

इमल्सिफायरला पाण्याची ओढ जास्त की तेलाची, हे मोजायला ग्रिफिन नावाच्या रसायनतज्ज्ञाने 1949 मध्ये एचएलबी ही मोजपट्टी मांडली. आकडा जितका मोठा, तितकी पाण्याची ओढ जास्त. साध्या ग्लिसरिल मोनोस्टिअरेटचा आकडा 4 च्या आसपास येतो, तर पाणी बाहेर ठेवणाऱ्या क्रीमला साधारण 8 च्या वरचा लागतो. एकट्याने ते निभणारच नव्हतं, कितीही फेटा. आता ज्याच्यावर घटकांची पूर्ण नावं छापलेली असतात तेच वॅक्स मी घेते. सिटोस्टिअरिल अल्कोहोल आणि सोडियम लॉरिल सल्फेट यांचं असतं, किंवा ऑलिव्हपासून केलेलं मिळतं.

पाकीट बदललं आणि क्रीम टिकायला लागलं. मग हौसेने त्यात अंगणातल्या कोरफडीचा गर घातला, आणि दोन दिवसांत ते परत सैल पडलं. कोरफडीत क्षार आणि आम्लं असतात, आणि लॉरिल सल्फेटसारख्या ऋणभारित इमल्सिफायरला ती मानवत नाहीत. टँकरच्या जड पाण्याचंही तेच, त्यातलं कॅल्शियम नडतं. म्हणून मी डिस्टिल्ड वॉटरच वापरते. कोरफड हवीच असेल तर ऑलिव्हचं वॅक्स बरं.

तापमानाचा भाग थोडक्यात सांगते. तेल आणि पाणी दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत 70 ते 75 अंशांवर आणायचं आणि मगच एकत्र करायचं. गार पाणी ओतलं की वॅक्स जागच्या जागी गोठतं आणि कण राहतात. तापताना पाणी उडतं, म्हणून भांडं आधी आणि नंतर वजन करून उडालेलं पाणी भरून काढायचं. चमच्याच्या मापावर भरवसा ठेवू नका. 0.1 ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. माझ्या डब्या, चंचुपात्रं आणि काटा रविवार पेठेतून आले.

फेटण्याला किंमत नाही असं मात्र नाही. थेंबाचा व्यास दुप्पट झाला की तो वर चढण्याचा वेग चौपट होतो, म्हणून रवीपेक्षा हँड ब्लेंडर. पातं पूर्ण बुडवून थोडा वेळ फिरवायचा. नंतर गार होईपर्यंत फक्त चमच्याने ढवळायचं. घट्ट व्हायला लागल्यावर ब्लेंडर घातला तर तयार होत असलेली बांधणी मोडते आणि क्रीम पातळ पडतं. काही आठवड्यांनी वर नुसती साय धरल्यासारखा थर आला आणि ढवळल्यावर मिसळला, तर घाबरू नका. पाणी दाटसर करणारा झँथन गम 0.2 टक्के घेऊन, ग्लिसरीनमध्ये कालवून पाण्यात घातला की बहुतेक वेळा भागतं. तेल वेगळं होऊन परत मिसळतच नसेल, तर बांधणीच तुटलेली असते. ताजं असेल तर पुन्हा 70 अंशांवर नेऊन थोडं वॅक्स वाढवता येतं.

महिन्याभराने सैल पडलं आणि वास किंवा ठिपके आले, तर ते जंतूंचं काम आहे. तिथे दुरुस्ती नाही, सरळ फेकायचं. फिनॉक्सिइथेनॉलवालं प्रिझर्व्हेटिव्ह पुरवठादाराने दिलेल्या प्रमाणात, मिश्रण 40 अंशांखाली आल्यावर घालते.

सध्याचं 100 ग्रॅमचं प्रमाण असं: पाणी 70, तेलं 18, वॅक्स 5, सिटाइल अल्कोहोल (क्रीम घट्ट करायला) 2, ग्लिसरीन 3, प्रिझर्व्हेटिव्ह 1, उरलेल्यात झँथन आणि व्हिटॅमिन ई. तेलांत थोडं कोकमाचं तेलही असतं, टाचांसाठी. प्रत्येक घाण्यातली एक छोटी डबी एक दिवस फ्रिजमध्ये आणि एक दिवस उन्हात तापणाऱ्या गॅलरीच्या कपाटात, अशी आलटून पालटून ठेवते. तीत तग धरला तरच बाकीचं सासूबाईंना देते.

काकूंनी रवी परत नेली आणि आता विचारतात, "विकत का नाही देत?" विकायचं म्हणजे परवाना हवा, सौंदर्यप्रसाधनांचे 2020 चे नियम आहेत, हे त्यांना पटत नाही. तूर्तास एक डबी तशीच दिली आहे, वर तारीख लिहून आणि दोन महिन्यांत संपवा असं बजावून.