पोट घागरीएवढं, पाय काडीसारखे
आज एंडोमायोकार्डियल फायब्रोसिसवर, म्हणजे हृदयाचं आतलं अस्तर जाड, कडक होणाऱ्या आजारावर लेक्चर होतं आणि त्यातली एक इको (हृदयाची सोनोग्राफी) क्लिप काही केल्या डोळ्यासमोरून हलत नाहीये. उजव्या व्हेंट्रिकलचं (हृदयाच्या खालच्या कप्प्याचं) टोक वणासारख्या कडक थराने पार बुजलेलं आणि वरचं एट्रियम (वरचा कप्पा) ताणून ताणून फुग्याएवढं झालेलं, म्हणजे रक्त आत यायला जागाच नाही हो, मग ते मागे तुंबतं, पोटात पाणी होतं, पोराचं पोट घागरीएवढं आणि पाय मात्र काडीसारखे. १९४८ साली युगांडात डेव्हिस यांनी हा आजार मांडला, इतकी वर्षं झाली तरी कारण नक्की नाहीच, कुणी इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) म्हणतं, कुणी जंत, कुणी कुपोषण, कुणी मातीतलं सेरियम हे मूलद्रव्य. मोझांबिकच्या इन्हारिमे या ग्रामीण भागात लोकांचे इको केले तर १०६३ पैकी २११ जणांत सापडला, आणि त्यातल्या बहुतेकांना काही त्रासच जाणवत नव्हता! केरळच्या किनाऱ्यावरही होता, आता बराच कमी झालाय, तेवढंच बरं वाटलं. ऑपरेशन आहे पण अवघड, खेड्यातल्या पोरापर्यंत ते पोचणार कधी? खरंच खूप राग आला आज. लघवीवाटे पाणी काढायच्या गोळ्या, पोट पुन्हा भरलं की पाणी काढायला पुन्हा सुई, बहुतेक पोरांच्या वाट्याला एवढंच.