सिकलसेलच्या लेकराची फाईल आणि फॅमिली डॉक्टर

सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा, आईबापांकडून येणारा आजार. नागपुरात अशा लेकरांचे आईबाप तपासणीसाठी मेडिकलला, मेयोला नाहीतर डागाला, म्हणजे सरकारी रुग्णालयांत जातात. तिथले तज्ज्ञ महिन्याने, तीन महिन्यांनी भेटतात. ताप मात्र रात्री चढतो, आणि तेव्हा हाताशी असतो तो मानेवाड्यातला किंवा जरीपटक्यातला आपला नेहमीचा डॉक्टर. हा डॉक्टर लेकराला बरं असताना ओळखत नसेल, तर आजारी असताना त्याचा अंदाज चुकतो. म्हणून पहिली भेट लेकरू खेळतं-खातं असताना घ्यायची, आणि फाईल घेऊन जायचं.

एसएस प्रकारात (आई आणि बाप दोघांकडून सिकलचा गुण आलेला) पुष्कळ लेकरांचं हिमोग्लोबिन कायमच ७ ते ९ असतं. तांबड्या पेशी १२० दिवस टिकायच्या, त्या यांच्यात १०-२० दिवसांत फुटतात. हे माहीत नसलेला डॉक्टर साडेसातचा आकडा बघून लोहाचं सिरप लिहितो. पण फुटलेल्या पेशींतलं लोह अंगातच राहतं, रक्त चढवलं असेल तर त्यात भरच पडते. फेरिटिन (अंगात साठलेल्या लोहाचा आकडा) तपासून कमतरता दिसली तरच लोह द्यायचं. नुसत्या साडेसातच्या आकड्यावर रक्तही चढवायचं नसतं. नेहमीच्या आकड्यापेक्षा किती उतरलं आणि लेकरू कसं दिसतंय, हे बघायचं. डोळ्यांचा पिवळेपणाही असाच. पेशी फुटल्यामुळे तो थोडाफार राहतोच. त्यासाठी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेणं आणि हळद-तेल बंद करणं म्हणजे लेकराची उपासमार आहे. पिवळेपणा एकाएकी वाढला आणि उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, तर मात्र सोनोग्राफी हवी. या लेकरांना पित्ताचे खडे लहान वयातच होतात.

म्हणून फाईलचं पहिलं पान हाताने लिहिलेलं असावं. एचपीएलसी (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी) रिपोर्टप्रमाणे प्रकार कोणता, रक्तगट, शेवटचं रक्त कधी चढलं, कोणत्या औषधाची ॲलर्जी. त्याखाली बरं असतानाचे आकडे: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, रेटिक (नव्या तांबड्या पेशींचं प्रमाण), बिलिरुबिन (काविळीचा आकडा), बोटाला लावून मोजलेला ऑक्सिजन, पाणथरी (प्लीहा) बरगडीखाली किती बोटं लागते. हे आकडे तापातले किंवा नुकतंच रक्त चढवल्यानंतरचे नकोत. वजन तारखेसकट लिहायचं आणि दर भेटीत बदलायचं, कारण सगळे डोस वजनावर ठरतात. एक प्रत डॉक्टरकडे, एक फोटो आईच्या आणि बापाच्या दोघांच्या मोबाइलमध्ये.

तापाचा नियम आधीच ठरवून ठेवा: १०१ फॅरनहाइट किंवा वर गेला की त्याच रात्री डॉक्टर. या लेकरांची पाणथरी अगदी लहान वयातच निकामी व्हायला लागते, आणि न्यूमोकोकससारखे जंतू रक्तात काही तासांत पसरतात. पॅरासिटामॉलने ताप उतरतो, जंतू जात नाहीत. म्हणून औषध देण्याआधी थर्मामीटर लावा, आकडा नि वेळ लिहा, आणि ताप उतरला तरी जा. ‘तीन दिवस सिरप देऊन बघू’ हे इथे चालत नाही. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रेटिक, ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधणारी तपासणी), आणि लगेच शिरेतून किंवा स्नायूत अँटिबायोटिक, बहुधा सेफ्ट्रियाक्सोन. कल्चरची सोय नसेल आणि मोठं रुग्णालय लांब असेल, तर पहिला डोस तिथेच देऊन, चिठ्ठीवर वेळ लिहून पुढे पाठवायचं. हे फॅमिली डॉक्टरशी आधी बोललेलं असलं तर रात्री वाद होत नाही. तापाबरोबर छातीत दुखणं, धाप, किंवा ऑक्सिजन ९५ च्या खाली असेल तर क्लिनिकमध्ये थांबूच नका, सरळ मोठं रुग्णालय गाठा. हातपाय लुळे पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं यालाही तेच.

या जंतूंपासून बचावासाठी पेनिसिलिन दिवसातून दोनदा, पाच वर्षांपर्यंत: तीन वर्षांखाली १२५ मिलिग्रॅम, पुढे २५०. संध्याकाळचा डोस जास्त बुडतो, कारण लेकरू जेवता जेवता झोपतं. तो जेवणाआधीच द्या. न्यूमोकोकल लस सरकारी लसीकरणात फुकट मिळते. दोन वर्षांनंतरची, न्यूमोकोकसच्या २३ प्रकारांवरची आणि दरवर्षीची फ्लूची लस वेगळी मागावी लागते.

पाणथरी तपासायला आईनेच शिकावं. लेकराला पाठीवर झोपवून गुडघे मोडायला लावा. हात कोमट करून घ्या. बेंबीच्या खालून, उजव्या बाजूने बोटं सपाट ठेवून हळूहळू डाव्या बरगडीकडे सरका. लेकरू श्वास घेतं तेव्हा पाणथरीची कड बोटांना खाली येऊन टेकते. वरूनच सुरुवात केली तर मोठी झालेली पाणथरी हाताखालीच राहते आणि कड सापडत नाही, ही नेहमीची चूक. जोरात दाबू नका. बरगडीपासून कडेपर्यंत किती बोटं, ते कॅलेंडरवर लिहा. आठवड्यातून एकदा पुरे, तापात रोज. एकाएकी दोन बोटं वाढली आणि लेकरू पांढरंफटक, सुस्त पडलं, तर रक्त पाणथरीत अडकतंय. अशा वेळी वाट बघत बसलं तर जीव जातो.

या लेकरांना हातपाय, हाडं दुखण्याचे झटके येतात, त्याचं कारण पुष्कळदा आपल्या हवेत असतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, आणि या लेकरांची किडनी लघवी दाट करू शकत नाही, म्हणून अंगातलं पाणी झपाट्याने जातं. दहा किलोला दिवसाला एक लिटर, वीस किलोला दीड लिटर हा साधा हिशोब. उन्हाळ्यात त्याहून जास्त. शाळेला डॉक्टरची चिठ्ठी द्या: बाटली बाकावर राहील, लघवीला विचारताक्षणी सोडायचं, उन्हातली कवायत नाही. रात्री कूलरचं तोंड पलंगाकडे नको. ओल्या वाऱ्यात कुडकुडत झोपलेलं लेकरू पहाटे पाय धरून रडत उठतं. डिसेंबर-जानेवारीत मोजे, कानटोपी आणि कोमट पाण्याची अंघोळ. दुखलं की शेक द्या, बर्फ कधीच नाही. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी. न थांबल्यास आयबुप्रोफेन किलोमागे १० मिलिग्रॅम, आठ तासांनी, पोटात अन्न असताना. लघवी कमी होत असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर ते टाळायचं. दोन्हींनी भागलं नाही तर रुग्णालयातच जायचं. तिथे जास्त ताकदीचं औषध मागण्यात लाज नाही, हे दुखणं हाडाच्या आतलं असतं.

हायड्रॉक्सीयुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारं रोजचं औषध) तज्ज्ञ सुरू करतात, सांभाळायचं असतं फॅमिली डॉक्टरने. जगभर सहसा किलोमागे २० मिलिग्रॅमपासून सुरुवात होते. नागपूरच्या मेडिकलमधल्या डॉक्टरांनी किलोमागे १० मिलिग्रॅमच्या ठरावीक डोसवर अभ्यास केला आणि दुखण्याचे झटके कमी झाल्याचं दाखवलं. आपल्या लेकराचा डोस कोणता, हे फाईलवर ठळक हवं. सुरुवातीला दर महिन्याला सीबीसी, डोस बसला की दोन-तीन महिन्यांनी. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) साधारण १,५०० च्या खाली किंवा प्लेटलेट ८०,००० च्या खाली गेल्या की गोळी थांबवून तज्ज्ञांना कळवायचं. पेशी वर आल्या की पुन्हा सुरू. इथेच घोळ होतो. थांबवलेली गोळी कुणी सुरूच करत नाही, आणि लेकरू सहा महिने औषधाविना राहतं. थांबवली त्या दिवशीच पुढच्या सीबीसीची तारीख लिहून घ्या. औषध नीट पोटात जात असेल तर सीबीसीतला एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) काही महिन्यांत वाढतो. तो तिथल्या तिथे असेल, तर डोस वाढवण्याआधी घरी किती कॅप्सूल उरल्यात ते मोजा. कॅप्सूल उघडी हाताळू नका, आणि गरोदर बाईने तर अजिबात नाही.

दोन ते सोळा वर्षांपर्यंत मेंदूच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर तपासणी (सोनोग्राफीसारखी, रक्ताचा वेग मोजणारी) वर्षातून एकदा करायची. वेग सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा जास्त आला तर लकव्याचा धोका मोठा, आणि नियमित रक्त चढवण्याचा विचार तज्ज्ञ करतात. ही तपासणी लेकरू ठणठणीत असताना करायची असते, म्हणूनच ती राहून जाते. फॅमिली डॉक्टरला सांगा, वाढदिवसाच्या महिन्यात चिठ्ठी लिहून द्या म्हणून.