बर्फाखालचं तळं

"मामा, बर्फाचा आवाज झाला तर पळायचं नाही हं," असं भाच्याने गाडीतच बजावलं होतं. तरी पळालोच. तळ्याच्या मधोमध थर्मास घेऊन उभा होतो आणि पायाखालून 'घुंऽऽ' असा आवाज या काठापासून त्या काठापर्यंत सरकत गेला. रात्री सामसूम बाजारपेठेत कुणी दुकानाच्या शटरवर लाथ मारली की घुमतो ना, तसा. चार पावलं पळालो, पाचव्याला आपटलो. चहा वाचला, हे नशीब. दाजी उलट्या बादलीवर बसून हसत होते. "अरे, थंडी वाढली-उतरली की बर्फ ताणतो, आक्रसतो, म्हणून ओरडतो. हातभर जाड आहे. तुझ्या वजनाने काही होत नाही."

ताई आणि दाजी कॅनडातल्या कॅल्गरीला राहतात, त्याला आता अठरा वर्षं झाली. मी पहिल्यांदाच गेलो, तेही फेब्रुवारीत, कारण रजा तेव्हाच मिळाली. ताईने आधीच सांगितलं होतं, या दिवसांत बघण्यासारखं काही नाही, घरात बसून जेवायचं. दाजींचा बेत वेगळा होता. तिकडे फेब्रुवारीतल्या तिसऱ्या सोमवारी 'फॅमिली डे'ची सुट्टी असते आणि त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी अल्बर्टा प्रांतात परवान्याशिवाय मासे धरता येतात. बाकी नियम सगळे तसेच, फक्त परवाना माफ. "फुकट आहे, चल," म्हणाले. या वाक्यापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

खरं सांगायचं तर मला त्यात फारसा रस नव्हता. आम्ही इंदापूर तालुक्यातले. आमचे वडील, अण्णा, गावच्या मच्छीमार सोसायटीत होते, पाझर तलाव ठेक्याने घेऊन त्यात कटला-रोहू सोडायचे. मासे म्हणजे जाळं, बर्फाच्या पेट्या आणि पहाटेचा भिगवणचा बाजार. गळ टाकून बसणं हा शाळा बुडवणाऱ्या पोरांचा उद्योग, असं अण्णांचं मत. त्यात दाजी म्हणाले की ज्या तळ्यावर जायचंय तिथले मासे सरकारनेच आणून सोडलेले आहेत. म्हणजे आपणच ठेवायचं आणि आपणच शोधायचं. लहान मुलांचा लपाछपीचा खेळ झाला की हा!

भाच्याला माझा हा शेरा लागला असावा. आदल्या दिवशी त्याने मला बो नदीकाठी सॅम लिव्हिंग्स्टन फिश हॅचरीकडे नेलं. सॅम लिव्हिंग्स्टन हा कॅल्गरी भागातल्या सुरुवातीच्या शेतकऱ्यांपैकी एक, आणि त्याच्या शेताचा मोठा भाग पुढे ग्लेनमोर धरणाच्या पाण्याखाली गेला. उजनीच्या काठच्या माणसाला हे ऐकून काय वाटतं, ते वेगळं सांगायला नको. तर त्याच्या नावाच्या या केंद्रात ट्राउट या थंड पाण्यातल्या माशाची अंडी उबवून पिल्लं वाढवतात आणि वसंतात नि शरदात ऑक्सिजनच्या टाक्या लावलेल्या ट्रकमधून प्रांतभरच्या दोनशेच्या वर तळ्यांत नेऊन सोडतात. आपल्याकडे पिल्लांच्या वाढीच्या मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली अशा पायऱ्या असतात. इथे बऱ्याच तळ्यांत थेट वीतभर लांबीचा मासाच सोडतात, म्हणजे सोडल्यापासूनच गळाला लागण्याजोगा.

एक गोष्ट मात्र मला नवी होती. यातल्या पुष्कळ रेनबो ट्राउटना पिल्लंच होत नाहीत. फळलेल्या अंड्यांवर ठरावीक वेळी भरपूर दाब दिला की त्यांच्यात गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच राहतात आणि मासा वांझ निघतो. प्रजननात जाणारी ताकद अंग धरण्यात जाते हा एक फायदा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: रॉकी पर्वताच्या या उतारावरच्या ओढ्या-नद्यांमधला मूळचा मासा कटथ्रोट ट्राउट, आणि बाहेरून आणलेला रेनबो त्यात मिसळला की संकर होऊन मूळ वाण संपत जातो. आपल्या तलावांत चिलापी शिरला तेव्हा असा विचार कुणी केला असता तर? असो. तो विषय काढला की अण्णांचं जेवण राहतं.

शनिवारी सकाळी सातला निघालो तेव्हा उणे अठरा. महामार्ग २२ ने दक्षिणेकडे, उजव्या हाताला रॉकीजची रांग, डावीकडे गवताळ टेकड्या. वाटेतल्या लाँगव्ह्यू गावात सुक्या मांसाच्या पट्ट्या मिळतात, त्यासाठी लोक मुद्दाम थांबतात. आम्ही ताईच्या दशम्यांवर होतो. पहिला बेत चेन लेक्सचा. पूर्वी इथे साखळीसारखी लहान लहान तळी होती. दोन्ही टोकांना बांध घातले आणि एकच लांबट जलाशय झाला. पोचलो तर बर्फावर तंबूंची वस्ती उठलेली, लाल-निळी-काळी पालं, कुत्री, घसरगाड्या, शेगड्या. आषाढी वारीचा मुक्काम पडावा तसं. दाजींनी गाडी वळवली. पुढे तासाभराने जिथे थांबलो त्या लहानशा तळ्याचं नाव मी लिहू नये, अशी मला तंबी आहे. गळवाले सगळीकडे सारखेच.

तळं केवढं? आमच्या गावच्या शाळेची तीन मैदानं मावतील एवढं. दाजींनी आधी काठाजवळ एक भोक पाडून जाडी बघितली. काचेसारखा स्वच्छ बर्फ असेल तर चालायला चार इंच पुरतो. दुधासारखा पांढरा असेल तर त्याची ताकद निम्मीच धरायची. इथे अठरा इंच भरला. भोकं पाडायला बॅटरीवरचा ऑगर, म्हणजे उसाच्या रसाच्या यंत्राएवढा आवाज करणारा मोठा गिरमीट. तो फिरत खाली जातो, कडेने बर्फाचा चुरा वर येतो आणि शेवटी एकदम 'भस्' करून पाणी उसळतं. मग त्यातला चुरा काढायला जे हत्यार दाजींनी माझ्या हातात दिलं, तो चक्क झारा होता. बुंदीचा. लांब दांड्याचा, भोकाभोकांचा. तिकडच्या दुकानात तो खास याच कामासाठी मिळतो, पण दाजींचा पहिला भोकातून निसटून तळाला गेला, तेव्हापासून ताईचा स्वयंपाकघरातला झारा ड्यूटीवर आहे. ताईला वाटतं तो घर बदलताना हरवला. ती हे वाचणार आहे. दाजी, माफ करा.

बर्फाखाली गळ टाकताना माणशी दोन दोऱ्यांची मुभा असते. उघड्या पाण्यात एकच. आम्ही चार टाकल्या. काठ्या दोन-अडीच फुटी, खेळण्यातल्या वाटाव्यात अशा, दोरी केसासारखी, टोकाला हरभऱ्याएवढा रंगीत जिग, म्हणजे वजन लावलेला गळ, आणि त्यावर मीलवर्म नावाची एक अळी. मी खोल तळ शोधत होतो, कारण आमचा अनुभव असा की थंडीत मासा खाली बसतो. भाचा म्हणाला, "नाही मामा, ट्राउट फिरत राहतो. काठाजवळ, गवताच्या कडेने, कधी कधी बर्फाच्या अगदी खालून." चार अंशांचं पाणी सगळ्यात जड, म्हणून ते तळाला जातं आणि शून्याजवळचं पाणी वर बर्फाला चिकटून राहतं, हे आपण आठवीत पाठ केलेलं असतं. इतक्या वर्षांनी ते माझ्या उपयोगी पडलं, आणि तेही चुकीच्या बाजूने.

मग भाच्याने मला आमच्या तंबूत नेलं. आतून काळाकुट्ट. दार लावलं आणि क्षणभराने भोक हिरवं उजळलं. बाहेरचा उजेड बर्फातून झिरपून पाण्यात पसरलेला असतो, आत अंधार, म्हणून भोक दिव्यासारखं दिसतं. मी सतरंजीवर पालथा झालो आणि तोंड भोकाशी नेलं. सहा-सात फुटांवर तळ. वाळलेलं शेवाळ, एक शिंपला, कुणाचं तरी बाटलीचं बूच, सगळं आरशात बघावं इतकं स्वच्छ. माझा जिग मध्ये लोंबत होता. दहा मिनिटं काही नाही. नाकाच्या शेंड्यावर गारठा साचत होता. आणि मग डावीकडून, जराही आवाज न करता, तो आला.

वरून बघताना ट्राउट हिरवट-काळा दिसतो, पाठीवर मोहरी सांडल्यासारखे ठिपके. जिगपाशी येऊन थांबला. कल्ले हलत होते. मी श्वास रोखला, म्हणजे का रोखला माहीत नाही, त्याला काय ऐकू जाणार होतं! त्याने जिग तोंडात घेतला आणि तितक्याच सहज थुंकला. माझ्या हाताला काहीही कळलं नाही. वर बसून काठीकडे बघत असतो तर 'इथे मासाच नाही' म्हणून उठलो असतो. पुन्हा वळला, पुन्हा आला. भाचा कानाशी कुजबुजला, "वर उचला, हळू. पळतंय असं वाटू दे." उचललं. मासा मागोमाग तिरका वर आला, पांढरं तोंड उघडलं, मिटलं, आणि मी झटका दिला. काठी कमानीसारखी वाकली. तीन मिनिटांनी तो बर्फावर होता, अंगावरून गुलाबी पट्टा, आणि उण्या थंडीत बघता बघता ताठ झाला. लपाछपीचा माझा शेरा मी मनातल्या मनात मागे घेतला. भाच्याला अजून सांगितलेलं नाही.

दुपारी जरा पाय मोकळे करायला निघालो तर तळ्याच्या दुसऱ्या टोकाला दोरीचं कुंपण दिसलं. त्यावर पाट्या: धोका, पातळ बर्फ. आणि त्या कुंपणाच्या आत, हातभर बर्फाने झाकलेल्या तळ्यात, खोलीएवढं उघडं पाणी खदखदत होतं. मी उभाच राहिलो. खालून बुडबुडे येत होते. काठावरच्या शेडमधून मोटारीची घरघर.

"ते हवेचं मशीन," दाजी म्हणाले. तळं उथळ, तळाला गवत. बर्फावर हिम साचलं की उजेड आत जात नाही, गवत मरतं, कुजतं, आणि कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं. वरून झाकण घट्ट, नवी हवा येणार कुठून? मार्चपर्यंत सगळे मासे गुदमरतात आणि बर्फ उतरला की पांढरे पोट वर करून काठाला लागतात. म्हणून अशा काही तळ्यांना हिवाळाभर हवा देतात.

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. मी सहावीत होतो, मे महिना, दोन दिवस आभाळ भरून आलेलं आणि वारा पडलेला. पहाटे चारला कुणीतरी अण्णांना हाक मारली. तलावावर गेलो तर बॅटरीच्या उजेडात पाण्यावर हजारो तोंडं उघडझाप करत होती. कटला, रोहू, सगळे वर येऊन हवा मागत होते. अण्णांनी डिझेल इंजिन लावून त्याच तलावाचं पाणी त्याच तलावात उडवायला सुरुवात केली. आई, मी, ताई, बादल्यांनी पाणी उचलून आपटत होतो. सूर्य वर आला तेव्हा निम्मे गेले होते. त्या वर्षी ताईच्या कॉलेजची फी मामांनी भरली. आता तीच ताई या तळ्यापासून दोन तासांवर राहते आणि झारा शोधते आहे.

परत येईपर्यंत पश्चिमेला ढगांची कमान उभी राहिली होती, खाली निळ्या आकाशाची पट्टी. "शिनूक," भाचा म्हणाला. पर्वतावरून खाली उतरणारा कोरडा, गरम वारा. तासाभरात उणे अकरावरून अधिक दोनवर आलो. जॅकेटची चेन उघडली, बर्फावर पाण्याचं थारोळं झालं. त्या खुशीत मी चहा ओतायला घेतला आणि काठी बादलीवर आडवी ठेवली. रिळाचा ब्रेक घट्ट. 'खट्' असा आवाज झाला, आणि वळून बघतो तर काठी तोंड खाली करून भोकात शिरत होती. मी थर्मास टाकून झेपावलो. बोटांना मुठीचा रबर लागला, एवढंच. दाजी काही बोलले नाहीत, फक्त झाऱ्याकडे बघितलं. भाच्याने दुसऱ्या दोरीने अर्धा तास तळ ढवळला. एक वाळकी काडी निघाली.

तर हिशेब: तीन ट्राउट, वजा एक काठी. पाच माशांची मर्यादा गाठायचा प्रश्नच आला नाही. ताईने दोन रव्यात तळले, एकाचं काळ्या मसाल्याचं कालवण केलं. ट्राउटचे खवले इतके बारीक की खरवडायची कटकट नाही. तळलेला उत्तम. कालवणात मात्र तो विरघळतो, कटल्यासारखा तुकडा धरून राहत नाही. दाजींचं म्हणणं, अशा उथळ तळ्यातला मासा हिवाळ्यातच खावा, उन्हाळ्यात चिखलाचा वास येतो. हे मात्र अण्णांशी तंतोतंत जुळलं.

जेवणं झाल्यावर अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. इथे रात्रीचे साडेआठ, तिकडे सकाळचे नऊ. बर्फाचे, तंबूचे, गुलाबी पट्ट्याचे फोटो दाखवले. त्यांनी सगळे शांतपणे बघितले. धरलेले मासे विकता येत नाहीत, कायद्याने बंदी आहे, हे ऐकून "बरं" एवढंच म्हणाले. वीतभर लांबीचा मासा सोडतात म्हटल्यावर त्यांनी चष्मा सरळ केला. "वीतभर? म्हणजे तोवरचं खाद्य सरकारचं. मग काय परवडतं कुणालाही." शेवटी मी उघड्या पाण्याचा व्हिडिओ लावला, बुडबुड्यांचा. तो त्यांनी दोनदा बघितला.

"किती एचपीची मोटार आहे?"

मी दाजींकडे बघितलं. दाजींनी भाच्याकडे.

"बघितली नाही, अण्णा."

"नुसते मासे धरत बसलात होय," म्हणाले. "उद्या सुट्टीच आहे ना तुम्हाला? जाऊन बघून या. आणि पाइप तळाशी टाकलाय का मध्यावर, तेही विचार."