कोहलरचा अठरावा होल आणि पाक से-री

शिकागोहून मिलवॉकीपर्यंत रेल्वेने दीड तास, पुढे भाड्याच्या गाडीने उत्तरेला साधारण तासभर. विस्कॉन्सिनमधल्या कोहलर गावाची ओळख नळ-बेसिनच्या कारखान्यामुळे. कारखान्याच्या कामगारांसाठी 1918 मध्ये बांधलेलं वसतिगृह आता आलिशान हॉटेल आहे. शेजारच्या शेबॉयगनचे ब्राटवुर्स्ट (जर्मन पद्धतीचे सॉसेज) चविष्ट. पण मी आलो होतो ब्लॅकवुल्फ रन या गोल्फ कोर्ससाठी, आणि तिथेही मुख्यतः पाण्याकाठच्या एका उतारासाठी, जिथून कोरियाच्या पाक से-रीने 1998 मध्ये आपला गाजलेला फटका मारला.

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. 1998 ची यूएस विमेन्स ओपन, म्हणजे अमेरिकेतली महिलांची मोठी गोल्फ स्पर्धा, कोर्स रचनाकार पीट डायने आधी बांधलेल्या अठरा होलवर (होल म्हणजे एका खड्ड्यापर्यंतचा खेळाचा टप्पा) झाली. ते होल आज रिव्हर आणि मेडो व्हॅलीज अशा दोन कोर्समध्ये वाटले गेले आहेत. त्यामुळे आरक्षण करताना त्या वेळचा अठरावा कुठे येतो ते विचारूनच घ्या. खेळायची वेळ घेतलेली नसेल तर फेअरवेवर (होलच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) फिरू नये, क्लबहाऊसमधून बघावं.

स्पर्धेच्या चार दिवसांनंतर कोरियातल्या डेजॉनची वीस वर्षांची पाक से-री आणि ड्यूक विद्यापीठाची हौशी खेळाडू जेनी चुआसिरिपोर्न एकूण 290 फटक्यांवर बरोबरीत होत्या. सोमवारी अठरा होलचा प्लेऑफ, म्हणजे बरोबरी सोडवणारा सामना, झाला. शेवटच्या होलवर से-रीचा टी शॉट (होलचा पहिला फटका) डावीकडे वळला आणि चेंडू पाण्याच्या वर, उतारावरच्या गवतात अडकला. तिने बूट-मोजे काढले आणि पाण्यात उतरून चेंडू मारला. उन्हाने रापलेल्या पोटऱ्या आणि त्याखाली मोज्यात राहिलेली पांढरीशुभ्र पावलं: कोरियात हे चित्र कुणाला सांगावं लागत नाही.

या फटक्याला सगळे धाडस म्हणतात. मला तो चोख हिशेब वाटतो. एका फटक्याचा दंड घेऊन दोन क्लबच्या अंतरात चेंडू टाकता आला असता, पण मग तिसरा फटका त्याच अवघड काठावरून मारावा लागला असता. पाण्यात उतरून दुसऱ्याच फटक्यात चेंडू रफमध्ये (फेअरवेच्या कडेच्या उंच गवतात) काढला, तर तिसरा फटका निदान दोन पाय घट्ट रोवून मारता येतो. दंड वाचतो आणि जागाही सुधारते. धोका एकच, चेंडू बाहेर न येण्याचा.

आणि तो धोका मोठा होता. पाणी डावीकडे, खेळाडू उजव्या हाताची, म्हणजे पाय पाण्यात आणि चेंडू पायांपेक्षा बराच वर. अशा उतारावर चेंडू डावीकडे, म्हणजे पुन्हा पाण्याकडेच ओढला जातो. म्हणून ग्रिप खाली धरायची, निशाणा उजवीकडे ठेवायचा. तेव्हाच्या नियमानुसार फटक्याआधी क्लब जमिनीला किंवा पाण्याला टेकवायचा नव्हता. तळाशी पाय सरकतात, त्यामुळे अंगाचा जोर लावता येत नाही. काम हातांनीच करावं लागतं. तिने वेजने (चेंडू उंच उचलणाऱ्या क्लबने) लांबीचा मोह टाळून चेंडू सरळ रफमध्ये काढला.

तो होल दोघींनी बोगीत (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त घेऊन) संपवला, दोघींचे 73 फटके झाले. मग सडन डेथच्या (जी आधी होल जिंकेल ती विजेती) दुसऱ्या होलवर, एकूण ब्याण्णवाव्या होलवर, से-रीची बर्डी, म्हणजे ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी, आणि ती जिंकली. कोरियात तेव्हा मंगळवारची पहाट होती आणि आर्थिक संकटाने लोकांच्या नोकऱ्या जात होत्या. पुढे तिच्या नावावर एलपीजीएच्या (महिलांच्या व्यावसायिक गोल्फ दौऱ्याच्या) 25 स्पर्धा जमा झाल्या, त्यात पाच मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या स्पर्धा. 2007 मध्ये हॉल ऑफ फेम, 2016 मध्ये निवृत्ती. त्याच वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये ती कोरियन संघाची प्रशिक्षक होती आणि पार्क इन-बीने सुवर्ण जिंकलं. 2012 मध्ये हीच स्पर्धा ब्लॅकवुल्फ रनला परतली तेव्हा जिंकली चोई ना-यॉन. 1998 मध्ये ती दहा वर्षांची होती.

खटकतं ते एवढंच, की या गोष्टीत जेनी नुसती हरणारी मुलगी म्हणून येते. बहात्तराव्या होलवर लांबलचक पट (खड्ड्याजवळच्या हिरवळीवरून चेंडू घरंगळवण्याचा फटका) घालून तिनेच प्लेऑफ ओढून आणला होता. पुढे तिने व्यावसायिक गोल्फ सोडलं आणि ती परिचारिका झाली. आता नियमही बदललाय: बरोबरी झाली तर आधी दोन होलची बेरीज बघतात. तेव्हा मात्र त्या दोघींनी सोमवारी वीस होल खेळून निकाल लावला होता.