तालुक्याच्या आयटीआयला टाकू का पोराला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दहावीचा निकाल लागला की मला हा फोन येतोच, कारण मी तालुक्याच्या छोट्या आयटीआयमधून फिटर झालेला. पाच-सहा ट्रेड (म्हणजे अभ्यासक्रम), पत्र्याचं शेड, मागे बाभळी, एवढंच होतं आमचं.

बिल्डिंग बघून ठरवू नका. शनिवारी-रविवारी तर जाऊच नका, मधल्या वारी अकराच्या सुमाराला जा आणि वर्कशॉपच्या बाहेर नुसतं उभं राहून ऐका. कानशींचा आवाज येतोय का? येत नसेल तर एकतर मटेरियल आलेलं नाही नाहीतर सर नाहीत, आणि सर हाच खरा प्रश्न आहे, कारण मोठ्या ठिकाणी एक निदेशक नसला तर दुसरा सांभाळून घेतो, छोट्या ठिकाणी त्या ट्रेडला माणूसच एक असतो, त्याची बदली झाली की तुमचं अर्धं वर्ष वेल्डरचे सर येऊन हजेरी घेण्यात जातं. आमचं तेच झालं. पहिले चार महिने एमएस फ्लॅट (साध्या लोखंडाची पट्टी) कानशीने घासून घासून हाताला फोड, सर ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायचा गुण्या) लावून उजेडाकडे धरायचे, फटीतून उजेड दिसला की परत व्हाइसवर (शिकंज्यावर) घासायला. तेव्हा वैताग यायचा. मग सर बदलून गेले आणि नंतर आम्ही व्हॉलीबॉल खेळलो, व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) नीट वाचायला मी कंपनीत शिकलो, तेही सुपरवायझरच्या शिव्या खाऊन (लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी हे पाठ होतं, पण व्हर्नियर हातात धरलाय कोणी!).

पण छोट्याचा फायदाही आहे. बॅचला वीसेक पोरं आणि त्यातली निम्मी दांडीबहाद्दर, मग लेथ रिकामाच. ज्याला शिकायचंय त्याला कोणी अडवत नाही. फक्त ८०% हजेरी सांभाळा, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही.

एक गोष्ट लोक विचारतच नाहीत. खाजगी असो की सरकारी, तुमच्या ट्रेडला केंद्राच्या डीजीटीची (प्रशिक्षण महासंचालनालयाची) मान्यता आहे का ते बघा, पूर्वी हिलाच एनसीव्हीटीची मान्यता म्हणायचे. मान्यता ट्रेडनुसार, युनिटनुसार (तुकडीनुसार) असते, त्यामुळे गेटवरच्या बोर्डावर लिहिलंय म्हणजे झालं असं नाही.

आणि पुढचं. आमच्याकडे कॅम्पसला कुठलीच कंपनी आली नाही. अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर मी स्वतः फॉर्म भरला, चाकणला वर्षभर काढलं, स्टायपेंड खोलीभाडं आणि मेसमध्येच संपायचा, पण नोकरी मिळाली ती त्या एका वर्षावर. बरोबरच्या एकाने फिटर करून पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला, गणितात मात्र त्याचा जीव गेला. थेट दुसऱ्या वर्षाला जायला फिटरसारखा दोन वर्षांचा ट्रेड लागतो, म्हणून वेल्डर किंवा कोपासारखा (कॉम्प्युटर ऑपरेटरचा) एक वर्षाचा ट्रेड घ्यायच्या आधी हा रस्ता डोक्यात ठेवा.

प्रवेशाच्या फॉर्ममध्ये विकल्प भरताना पहिल्या नंबरला खरंच हवा तोच ट्रेड टाका. पहिलाच विकल्प लागला आणि तो नको म्हणालात तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर, आमच्या चुलतभावाने 'बघू तरी' म्हणून टर्नर टाकला होता.