पायूट ट्रेलवर एटीव्हीने सेल घेतला नाही तेव्हा: टुशर पर्वतातील प्रवास आणि विद्युत तपासणीचा क्रम

युटा राज्याच्या मध्यभागी, फिशलेक राष्ट्रीय वनातून जाणारी पायूट एटीव्ही ट्रेल ही अमेरिकेतील सर्वांत लांब वळसा घालणाऱ्या एटीव्ही (खडबडीत वाटांवर चालणारे जाड टायरचे छोटे चारचाकी वाहन) वाटांपैकी एक आहे. तिचा मुख्य वळसा सुमारे 275 मैलांचा, म्हणजे जवळपास 440 किलोमीटरचा असून त्याला असंख्य फाटे आहेत. रिचफील्ड, मेरीसव्हेल, सर्कलव्हिल यांसारख्या गावांमधून ही वाट जाते आणि या गावांच्या रस्त्यांवर एटीव्ही चालवून थेट पेट्रोल पंपावर किंवा खानावळीपाशी जाता येते, त्यामुळे एक गाव ते दुसरे गाव असा प्रवास आखणे सोपे जाते. मात्र दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात बहुतेक ठिकाणी मोबाईलला रेंज नसते. यंत्र तिथे बंद पडले तर दोष शोधण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

आम्ही सॉल्ट लेक परिसरातील काही मराठी कुटुंबे सप्टेंबरच्या अखेरीस तिकडे गेलो होतो. सॉल्ट लेक सिटीहून मेरीसव्हेलला पोहोचायला साधारण तीन तास लागतात. या दिवसांत अ‍ॅस्पेनची झाडे पिवळी झालेली असतात, धूळ उन्हाळ्यापेक्षा कमी असते आणि उंचावरचे रस्तेही सहसा बर्फाने बंद झालेले नसतात. आम्ही फ्रेमाँट इंडियन स्टेट पार्कच्या बाजूने वर चढलो. तिथली कातळचित्रे पाहण्यासाठी तासभर तरी राखून ठेवावा. पुढे किंबर्ली या ओसाड पडलेल्या सोन्याच्या खाणींच्या गावावरून आम्ही टुशर पर्वतरांगेच्या माथ्याकडे निघालो. या रांगेतील डेलानो शिखर 3,709 मीटर उंच आहे आणि वाटही झाडांची रेषा मागे टाकून मोकळ्या गवताळ उतारांवर येते. तिथे फोटोसाठी यंत्रे बंद केली आणि पुन्हा निघताना आमच्यातील एका मित्राच्या एटीव्हीने सेल घेतला नाही. बटण दाबले की एकदाच ‘टक्’ असा आवाज येई आणि इंजिन जराही फिरत नसे.

अशा वेळी पहिला संशय बॅटरीवर घेतला जातो आणि अनेक जण गावात परतताच नवी बॅटरी विकत घेतात. असे करण्याआधी आवाज नीट ऐकावा, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते, कारण दोष कोणत्या भागात आहे हे आवाजावरून बऱ्याच अंशी कळते. बटण दाबल्यावर काहीच आवाज आला नाही, तर किल स्विच (इंजिन तातडीने बंद करण्याचे बटण), गिअरची न्यूट्रल स्थिती, ब्रेक लिव्हरचा स्विच आणि फ्यूज यांकडे वळावे. बहुतेक एटीव्ही न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय किंवा ब्रेक दाबल्याशिवाय स्टार्टरला वीज जाऊ देत नाहीत आणि चिखलाने जाम झालेला एवढासा स्विचही सगळे अडवून धरू शकतो. मुख्य फ्यूज अनेक यंत्रांत स्टार्टर रिलेजवळच (बटणाच्या छोट्या प्रवाहावर स्टार्टर मोटरचा मोठा प्रवाह जोडणारा स्विच) बसवलेला असतो. भराभर टकटक आवाज येऊन दिवे मंद होत असतील, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टर्मिनल्स सैल आहेत. एकच ठसठशीत ‘टक्’ येत असेल, तर रिलेला हुकूम पोहोचतो आहे, पण पुढचा मोठा प्रवाह कुठेतरी अडतो आहे. रिलेचे आतले संपर्क, जाड वायरींचे जोड, अर्थ (बॅटरीचे ऋण टोक इंजिनच्या धातूला जोडणारी वायर) किंवा खुद्द स्टार्टर मोटर यांपैकी एखादा भाग त्याला कारण असतो.

आमच्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर होता. बॅटरीच्या दोन टोकांवर 12.6 व्होल्ट दिसले, म्हणजे ती पुरेशी भरलेली होती. 12.4 च्या आसपास साधारण तीन चतुर्थांश, 12.2 ला निम्मी आणि 12.0 ला जेमतेम पाव, असा ढोबळ अंदाज धरता येतो. परंतु स्थिर अवस्थेतील आकड्यावर कधीही विसंबू नये, कारण आतून खराब झालेली बॅटरीही विश्रांतीत 12.6 दाखवते आणि भार येताच कोसळते. म्हणून मीटर तसाच ठेवून दुसऱ्याला स्टार्टचे बटण दाबायला सांगावे. आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी दोषी समजावी. आमच्या बाबतीत तो 12.5 वरच राहिला, शिवाय दिवेही मंद झाले नाहीत. यावरून बॅटरीतून मोठा प्रवाह निघतच नाही, अडथळा तिच्या बाहेर आहे, हे निश्चित झाले.

यापुढची तपासणी म्हणजे बटण दाबलेले असताना वाटेतल्या एकेका तुकड्यावर किती व्होल्ट वाया जातात ते मोजणे. रिलेच्या दोन जाड बोल्टांवर मीटर लावल्यास बटण दाबण्यापूर्वी सुमारे 12 व्होल्ट दिसतात आणि दाबल्यावर ते शून्याजवळ यायला हवेत. तसे झाले, म्हणजे रिले ठीक होता. नंतर मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर धरले. तिथे 0.2 व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा होता, पण आला जवळपास 11. स्टार्टरपर्यंत पोहोचायची ती सगळी वीज अर्थच्या एकाच जोडावर खर्च होत होती.

खात्री करून घेण्यासाठी आम्ही जंपर केबलची एक वायर ऋण टर्मिनलपासून थेट इंजिनच्या स्वच्छ बोल्टला लावली आणि इंजिन लगेच फिरू लागले. मूळ अर्थ वायर इंजिनला जिथे बोल्टने जोडलेली होती, तो जोड उघडल्यावर आत हिरवट-पांढऱ्या गंजाचा थर दिसला. हिवाळ्यात हेच यंत्र घरासमोरचे बर्फ ढकलण्यासाठी वापरले जात असे आणि रस्त्यावर टाकलेल्या मिठाने तो जोड आतून खाल्ला होता. आधी बॅटरीची ऋण वायर सोडवून मग पॉलिश पेपरने वायरचे टोक, बोल्ट आणि त्याखालची जागा चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट पक्का आवळला आणि वरून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावले. हे ग्रीस धातू-धातूच्या मध्ये भरायचे नसून जोड आवळल्यानंतर बाहेरून लावायचे असते. अर्थ खराब असताना बटण दाबून धरण्याचा हट्ट मात्र करू नये, कारण मोठा प्रवाह मग हार्नेसमधल्या (यंत्रातील वायरींच्या जुडग्यातल्या) बारीक वायरींतून वाट काढू पाहतो आणि त्या तापून वितळू शकतात.

रिलेच खराब निघाला असता, तर त्याचे दोन जाड बोल्ट मुठीला इन्सुलेशन असलेल्या स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडून इंजिन फिरवता आले असते. हा केवळ अडचणीतला उपाय आहे. ठिणगी जोरात उडते, सुरक्षा स्विचही त्यात वगळले जातात, त्यामुळे गिअर न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेला आणि पेट्रोलचा वास नाही, हे तपासल्याशिवाय तसे करू नये. आणखी एक गोष्ट मोटारसायकल चालवणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. सीव्हीटी बेल्ट (गिअरऐवजी पट्ट्याने चालणारे स्वयंचलित प्रसारण) किंवा आपोआप सुटणारा क्लच असलेली बहुतेक एटीव्ही धक्का मारून सुरू होत नाही, कारण इंजिन बंद असताना चाकांचा जोर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून उतारावर सोडून देण्याचा धोका पत्करू नये. दुसऱ्या एटीव्हीवरून किंवा गाडीवरून जंप द्यायचा झाल्यास देणाऱ्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे आणि शेवटची ऋण वायर बॅटरीऐवजी इंजिनच्या धातूला लावावी.

विंच (अडकलेले वाहन दोराने ओढून काढणारे विजेवरचे यंत्र) असणाऱ्यांसाठी वेगळी सूचना करावीशी वाटते. पूर्ण भाराखाली एटीव्हीची विंच 100 अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकते, तर एटीव्हीचा स्टेटर (इंजिनवर फिरून वीज निर्माण करणाऱ्या जनित्राचा भाग) त्याच्या तुलनेत फारच थोडा प्रवाह देतो. म्हणजे इंजिन चालू असतानाही विंच बॅटरीच रिकामी करत असते. थोडे ओढावे, थांबावे, इंजिन चढ्या वेगावर ठेवून बॅटरीला भरू द्यावे आणि मगच पुढे ओढावे. गोठवणाऱ्या थंडीत बॅटरीची ताकद आधीच घटलेली असते, त्यामुळे उंचावर मुक्काम केल्यावर सकाळी पहिला सेल मारण्यापूर्वी दिवे आणि हँडलचे हीटर बंद ठेवावेत.

या वाटेवर जाताना मल्टिमीटर, आपल्या यंत्राच्या बोल्टांना बसणारे पाने, पॉलिश पेपर, योग्य अँपिअरचे जादा फ्यूज, एक मीटरभर जाड वायर आणि लिथियम जंप पॅक एवढे सामान बरोबर असावे. जंप पॅक थंडीत जॅकेटच्या आत ठेवावा. युटामध्ये 2023 पासून सार्वजनिक जमिनीवर अशी वाहने चालवणाऱ्यांना ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करणे बंधनकारक आहे, तेही घरूनच उरकून यावे. मेरीसव्हेल लहान गाव असल्याने सुट्या भागांसाठी रिचफील्ड गाठावे लागते.

खाली उतरल्यावर आम्ही चार्जिंगही तपासले. इंजिन चढ्या वेगावर असताना बॅटरीवर 14.2 व्होल्ट मिळाले. साधारण 13.8 ते 14.5 च्या मध्ये आकडा असेल तर स्टेटर आणि रेग्युलेटर (बॅटरीकडे जाणारा व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) ठीक समजावेत. 13 च्याही खाली असेल, तर दुसऱ्या दिवशीची चढण रद्द करून आधी त्यांचा कनेक्टर उघडून पाहावा, कारण वितळलेला किंवा काळा पडलेला कनेक्टर हे त्यामागचे नेहमी आढळणारे कारण आहे.